भिंतीवरचे दोन कीबोर्ड

सोमवार, ३

आलो एकदाचे. ताई आणि मी, दोन ट्रंका, एक गादी आणि तिचं शिलाई मशीन, एवढा संसार टेम्पोतून उतरवला. क्वार्टर दोनच खोल्यांची, पण नळाला दोन्ही वेळ पाणी आणि खिडकीतून काचेच्या कारखान्याची चिमणी दिसते. ताईने चहाच्या आधी मशीन खिडकीशी लावून घेतलं. आई गेल्यावर तिने लोकांचे कपडे शिवून मला शिकवलं, स्वतःचं लग्नबिग्न बाजूला ठेवून. मी पाच महिने बेकार होतो तेव्हाही तीच शिवत होती आणि वर मलाच धीर द्यायची, आपला हात जगन्नाथ, काळजी कसली करतोस. आज म्हटलं, ताई, आता हातांना सुट्टी दे. तर म्हणे, हात थांबले की माणूस थांबतो. तिच्याशी वाद घालून कोण जिंकलंय?

नोकरी माल पाठवणीच्या ऑफिसात. महिनाभर बघणार, मग कायम करणार. साहेब दर वाक्यात ‘शंभर टक्के’ म्हणतात, म्हणून मी त्यांचं नावच ते ठेवलंय. अर्थात मनातल्या मनात.

मंगळवार, ४

सगळं दुखणं एका कॉम्प्युटरचं आहे. त्यातून गेटपास निघतो आणि पासाशिवाय एकही लॉरी बाहेर पडत नाही. जुना कीबोर्ड मेला, आणि नवा काही केल्या हा पठ्ठ्या घेत नाही. माझ्याआधी तिघं जण हात टेकून गेले म्हणे. मला हसूच आलं. नाचता येईना अंगण वाकडं!

टेबलामागच्या भिंतीवर दोन खिळ्यांना दोन जुने कीबोर्ड टांगलेत. इथली पद्धत अशी की ही खुर्ची सोडणाऱ्याने आपला कीबोर्ड भिंतीवर टांगून जायचं. पहिला निवृत्त काकांचा, त्याची अक्षरंसुद्धा पुसली गेलीत. दुसरा एका बाईंचा, त्या आता गेटवर रजिस्टर लिहितात. मी विचारलं, हार कुठाय? कोणी हसलं नाही. झाडलोट करणाऱ्या मावशी ते दोन्ही रोज कोरड्या फडक्याने पुसतात.

दिवसभर सगळे उपाय झाले. पुढचं पोर्ट, मागचं पोर्ट, दुसरा कीबोर्ड, तिसरा, ड्रायव्हर. वायर लावली की कीबोर्डचा दिवा क्षणभर लागतो आणि विझतो. तोच कीबोर्ड साहेबांच्या कॉम्प्युटरवर झकास चालतो. शेवटी मेन वायर ओढून दहा मिनिटं मशीन बंद ठेवलं. तेवढ्यात गेटवाल्या बाई बोटं चोळत आत आल्या आणि वीज गेली का म्हणून विचारून गेल्या. हाताला मुंग्या आल्या होत्या त्यांच्या. थंडी आहे खरी.

बुधवार, ५

सापडलं! माझा लॅपटॉप वायरीने जोडून आत शिरलो. आजवर जे जे जोडलं गेलं, ते सगळं कॉम्प्युटर लक्षात ठेवतो. काढून टाकलेल्या वस्तूंची नोंद फिकट अक्षरांत राहते. इथे अशा दोन नोंदी होत्या, काकांची आणि बाईंची. सासू जाऊन दहा वर्षं झाली तरी तिच्या पाटावर कोणाला बसू न देणारी घरं असतात, तसलं हे मशीन.

मावशी केरसुणी घेऊन मागे उभ्या होत्या. म्हणाल्या, जुनं काढू नकोस बाळा, आधीच्या तिघांनी म्हणूनच सोडलं. मी म्हटलं, मावशी, तुमचा केर तुम्ही काढा, हा केर मी काढतो. अकरा वीसला काकांची नोंद पुसली. नव्या कीबोर्डचा दिवा लागला आणि लागलेलाच राहिला. पहिली अक्षरं मीच टाइप केली.

दुपारी ताई डबा घेऊन आली. तिला खुर्चीत बसवलं आणि तिच्या नावाची अक्षरं दाबायला लावली. एका बोटाने शोधत शोधत लिहीत होती आणि हसत होती. अख्खी बाही शिवून झाली असती तेवढ्या वेळात. पण तिचा चेहरा बघायला हवा होता.

शुक्रवार, ७

आता माऊस घेत नाही. बाण पडद्याच्या मधोमध खिळल्यासारखा.

मावशींनी बातमी आणली की काकांचे दोन्ही हात गेले. बुधवारी दाढी करता करता वस्तरा पडला, तेव्हापासून हात लाकडासारखे, मुलगा भरवतो. वेळ विचारली तर म्हणाल्या, अकराच्या सुमारास. मी म्हटलं, वय झालंय, वारं गेलं असेल अंगावरून. कावळा बसायला आणि फांदी मोडायला. मावशी दुसरा कीबोर्ड पुसत राहिल्या.

शनिवार, ८

दुसरी नोंद काढली. माऊस चालू झाला.

माझ्या खिडकीतून गेट दिसतं. बाई लिहीत होत्या. पेन पडलं. त्या उचलायला वाकल्या, बोटं वळेनात, मग दोन्ही मनगटांत धरून उचलू लागल्या. लॉरीवाला हसला. त्याला वाटलं, गंमत करतायत. मग त्या ओरडल्या. तो आवाज अजून कानात आहे.

इकडे पडद्यावर बाण छान फिरत होता.

सोमवार, १०

भिंतीवरचे दोन्ही कीबोर्ड उतरवून लावून पाहिले. दिवाच लागत नाही. पुसलेली नोंद परत येत नाही.

साहेबांना सगळं सांगितलं. त्यांना आश्चर्य वाटलं नाही. म्हणाले, माणसं मिळतात, हे मशीन मिळत नाही. आधीचे तिघं इथलेच होते, सगळे एकमेकांच्या ओळखीचे, त्यांचा हात धजला नाही. म्हणून बाहेरचा माणूस आणला, ज्याला कोणी काका नाही की बाई नाही. माझ्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाले, शंभर टक्के कायम करतो तुला.

मंगळवार, ११

नवा कीबोर्डही मेला. आणखी एक लावला. दिवा लागला, विझला.

यादी उघडली. दोन फिकट नोंदी. दोन्ही पाच तारखेच्या, एकाच कीबोर्डच्या. म्हणजे हे मशीन कीबोर्ड नाही, हात लक्षात ठेवतं. एक अकरा पंचवीसची, माझी. दुसरी दुपारी एक दहाची.

एक दहाला ताई डबा घेऊन आली होती.

बुधवार, १२

गेटवर चौदा लॉऱ्या उभ्या आहेत. उद्यापर्यंत मशीन चालू कर, नाहीतर संध्याकाळी क्वार्टर रिकामी कर, असं साहेब म्हणाले. नवा माणूस सांगून ठेवलाय.

मशीन फोडायचं मनात आलं. मावशी म्हणाल्या, तू दहा मिनिटं बंद ठेवलंस तर गेटवाल्या बाईंच्या हाताला मुंग्या आल्या, फोडलंस तर यादीतले सगळेच जातील. पळून जावं, तर नवा माणूस येईल आणि दोन्ही पुसेल. मी पुसली होतीच ना, शीळ घालत.

मी एक पुसली तर एकाचे हात राहतील. कमावतो मी. माझे गेले तर दोघंही उपाशी. तिचे गेले तर निदान मी तिला भरवीन, जन्मभर भरवीन. हिशेब बरोबर आहे. चारदा मांडला, चारही वेळा बरोबर येतो.

तिला विचारलं नाही. विचारलं असतं तर ती हो म्हणाली असती. तेच नको होतं.

गुरुवार, १३

काढली.

घरी गेलो तर ती खिडकीशी बसलेली. पायाखाली सुई, मांडीवर अर्धा झगा. हात मांडीवर उलटे पडलेले. म्हणाली, बघ ना रे, थंडीने आखडले वाटतं. मी म्हटलं, हो, थंडीने.

शनिवार, १५

तिला भरवलं. तोंड पुसलं. वेणी घातली, वाकडी झाली. ती हसली. म्हणाली, तुझे हात आहेत ना, मग मला काय कमी आहे.

बाहेर जाऊन नळाखाली हात धुतले, दोनदा.

मंगळवार, १८

पुन्हा बंद. नवा कीबोर्ड घेत नाही. यादीत एकच नोंद राहिलीय. माझी. नाही काढणार, म्हणून सांगितलं. साहेब म्हणाले, शंभर टक्के, तुझी मर्जी. उद्यापासून येऊ नकोस.

त्यांना ताईबद्दल सांगितलं, तिला पाणीसुद्धा स्वतः पिता येत नाही म्हणून. ते गेटपासाचे कागद सरळ करत होते.

बुधवार, १९

सकाळी गेटवर गेलो. आत सोडलं नाही. नवा माणूस आलाय, लॅपटॉपची बॅग खांद्याला. जाळीतून ओरडून सगळं सांगितलं त्याला — काका, बाई, ताई — फिकट अक्षरांना हात लावू नकोस रे बाबा — तो हसला. मला म्हणाला, भाऊ, तुम्ही घरी जा, आराम करा. मावशींचं मी तरी कुठे ऐकलं होतं.

साडेदहा. घरी. ताईला खरं सांगायचं ठरवलंय, तोंडाने जमणार नाही, म्हणून इथे लिहितोय, वाचून — वही तिच्यासमोर धरायला मात्र मीच —

अकरा. तो शीळ घालत असेल.

करंगळीला मुंग्या. नुसत्या मुंग्या. थंडी —

ताई हाक मारतेय. पाणी मागतेय. आलो म्हटलं. तांब्या समोरच आहे, पण आधी हे लिहून — ताई, तुझे हात मी —

पेन धरव