दारात सापडलेली बोटं

प्रिय आई,

अक्षर बघून कुणा लहान मुलाने लिहिलंय असं वाटेल, पण लिहितेय मीच. आमच्या मासळीच्या हॉलमधल्या मुकादम बाईंनी, ज्यांना आम्ही सगळ्या कर्नल म्हणतो, पेनावर रबराची जाड नळी चढवून दिलीय. ती मुठीत धरून ओढत नेते. ओळी वर-खाली होतायत, चालवून घ्या. लग्न होऊन आले तेव्हा मला आई नव्हती, म्हणून पहिल्या दिवसापासून सासूलाच आई म्हणत आले, ते काही सुटायचं नाही. 'अहो' मात्र सुटलं. नवऱ्याबद्दल लिहायची वेळ येईल तिथे मी 'तुमचा मुलगा' असं लिहीन. राग मानू नका.

आधी माझी खुशाली. बेकरीच्या वर खोली मिळालीय. खाली भट्टी असते, त्यामुळे फरशी कायम कोमट. माझ्या हातांवर औषध देणाऱ्या डॉक्टरीणबाई ऐकून म्हणाल्या, औषधापेक्षा ही खोली बरी. कर्नलने मला सुरीवरून काढून लेबलांच्या खोलीत बसवलंय. तिथे बर्फ नाही, पाणी नाही, पेट्या येतात आणि मी शिक्का मारते. सुरीची आठवण येते, खोटं कशाला सांगू. मासा हातात आला की काटा कुठून कुठे गेलाय ते मला न बघता कळायचं. बोटांनीच वाचायचे मी तो.

तेच आधी गेलं. तुमच्या लक्षात माझ्याआधी आलं होतं. कामावरून आले की माझी बोटं पांढरी फटक, मग निळी, मग लालबुंद, आणि तुम्ही लोकांच्या कपड्यांची इस्त्री बाजूला ठेवून ती तुमच्या काखेत धरायचात. हॉलमध्ये बायका हसायच्या, तुझी बोटं आपल्या मालापेक्षा गार, चुकून पेटीत भरशील. मीही हसायचे. मग कातडी आवळत गेली, बोटं आकड्यासारखी वळली, आणि एक दिवस सुरी माशातून माझ्या अंगठ्यात शिरली तरी मी कापतच राहिले. बर्फ लाल झाला तेव्हा समोरची ओरडली. डॉक्टरीणबाईंनी डोळे मिटायला लावून केसासारखा नायलॉनचा तंतू एकेका बोटाला टेकवला. लागलं की सांगा, म्हणाल्या. मी वाट बघत राहिले, त्यांनी अजून सुरुवातच केली नाही असं समजून. डोळे उघडले तर त्यांचं तपासून झालं होतं. त्या म्हणाल्या, कातडी, सांधे, नसा यांना धरून ठेवणारं जे अंगात असतं, त्यालाच शरीर शत्रू समजून मारत सुटलंय. स्वतःच्याच घरात मारामारी. मी मनात म्हटलं, ही मला ओळखीची आहे.

घरी येऊन सांगितलं तेव्हा तुम्ही एवढंच म्हणालात, "आता पाणी बोटाने बघू नकोस, कोपराने बघ." आणि तुमचा मुलगा म्हणाला, "नवीन नाटक." माझ्या हातून कप सुटला की थोबाडीत बसायची. चहा सांडला की पाठीत. पातेलं पडलं त्या दिवशी त्याने माझे केस धरून तोंड त्या सांडलेल्या गरम पाण्यात घासलं. कपाळावर अजून डाग आहे. तुम्ही भिंतीशी उभ्या होतात, हातात कुणाचा तरी अर्धा इस्त्री केलेला शर्ट. मी तुमच्याकडे पाहिलं आणि तुम्ही शर्टाची घडी घालायला लागलात. मला तुमचा राग आला होता, आई. पुष्कळ दिवस होता. मग एकदा तुम्ही माझ्या बोटांना मलम लावत होतात, तेव्हा तुमची करंगळी पहिल्यांदा नीट पाहिली. उलट्या बाजूला वळलेली. कशाने झालं विचारलं तर म्हणालात, दारात सापडली. त्यावर लगेच सासऱ्यांच्या फोटोकडे पाहिलंत आणि मलमाचं झाकण लावलंत. राग तिथेच संपला.

त्याला डॉक्टरीणबाईंनी लिहून दिलेला कागद पटला तो फार वाईट दिवस. नाटक होतं तोवर तो रागाने मारायचा. बोटांना खरंच कळत नाही हे पटलं आणि त्याला त्यात मजा यायला लागली. तो कामाला होता त्या गॅरेजमधले दोघे मित्र भर दुपारी जेवायला आणले होते, आठवतं ना. मला हाक मारली, माझा हात टेबलावर पसरला, म्हणाला, गंमत बघा. पेटती सिगारेट मधल्या बोटाच्या टोकाला टेकवली. मला आधी वास आला. आपलंच काहीतरी जळतंय हे नाकाने कळलं, बोटाने नाही. एक मित्र हसला, दुसरा उठून बाहेर गेला. मी हात ओढला तर त्याने मनगट दाबून धरलं, "लागतंय कुठे तुला?" त्या बोटाची जखम भरलीच नाही. या आजारात रक्त टोकापर्यंत पोचत नाही, जखमा उघड्याच राहतात. तुम्ही रोज पट्टी बदललीत.

दाराची गोष्ट तुम्ही पोलिसांना वेगळी सांगितलीत, म्हणून एकदा मला ती घडली तशी लिहू द्या. त्याला गॅरेजमधून काढलं होतं. मालकावर पाना उगारला म्हणून. मी कामावरून आले, हात बर्फाने मेलेले. तो आतून शिव्या देत दार लावत होता, मी चौकट धरली. दार बोटांवर आलं. त्याने खांदा लावला आणि माझ्या तोंडाकडे बघत दाबत राहिला. किंचाळीची वाट बघत होता. मला काही कळत नव्हतं, आई. फळीचा आवाज येत होता आणि मग हाडांचा आला, सुकी काडी मोडल्यासारखा. मी त्याच्याकडे नुसती बघत राहिले आणि त्या बघण्यानेच तो चवताळला, आणखी जोर लावला. तेव्हा तुम्ही आलात. मला तुमचे पाय दिसले, मग तापलेली इस्त्री. ती तुम्ही त्याच्या हातावर ठेवलीत आणि उचलली नाहीत. तो असा ओरडला की जिन्यावरच्या सगळ्यांची दारं उघडली. "आता कळलं का," एवढंच तुम्ही म्हणालात, शांतपणे, एखाद्या मुलाला गणित समजलं का विचारावं तसं. मग त्याने चांगल्या हाताने तुम्हाला गळा धरून भिंतीवर आपटलं. एकदा नाही. मी मोडक्या हाताने त्याचा सदरा ओढत होते, पकड बसत नव्हती, म्हणून दंडाला दातांनी धरलं आणि तोंडात रक्त येईपर्यंत सोडलं नाही. शिवणकामवाल्या शेजारीण बाई आणि त्यांचा जावई धावले, तेव्हा कुठे तुम्ही सुटलात.

दुखणं मला इस्पितळात पोचल्यावर आलं. हात गरम झाले, रक्त परत फिरलं आणि सगळं एकदम. मी इतकी ओरडले की नर्सने दार लावून घेतलं. दोन बोटांची टोकं काढावी लागली. चौकीत तुमचा मुलगा हाताला बँडेज बांधून बसला होता. म्हणाला, "साहेब, तिला काही लागतच नाही, डॉक्टरांनीच लिहून दिलंय, मग मी मारलं कसं?" साहेबही क्षणभर विचारात पडले. आणि तुम्ही सांगितलंत, दार वाऱ्याने लागलं, इस्त्री माझ्या हातून पडली. गळ्यावर त्याची बोटं उमटलेली होती, पदर घट्ट लपेटून तुम्ही सांगत होतात. मला तेव्हाही राग आला नाही. मला वाटलं, पाठच आहे हे यांना. माझं एकटीचं सांगणं पुरलं नाही, तो सुटला आणि तुम्ही त्याच्या मागून चालत घरी गेलात; मी नाही आले.

आता हे पत्र का, ते. शेजारीण बाई काल हॉलच्या फाटकावर येऊन थांबल्या होत्या. म्हणाल्या, तुमचा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे, तुम्ही मोरीत घसरलात असं सांगताय, पण त्यांनी भिंतीपलीकडून सगळं ऐकलंय आणि या वेळी त्या तसं लिहून द्यायला तयार आहेत. इस्त्री बंद, म्हणजे तुमची हातची कमाईही गेली, आता सगळं त्याच्या हातात. पत्र त्याच बाई तुमच्या हातात देतील. वाचलं की त्यांच्याकडेच परत द्या. गुरुवारी सकाळी तो नव्या कामावर गेला की मी येतेय. सोबत कर्नल आहे, चौकीतल्या बाई फौजदार आहेत, बेकरीवाल्याची गाडी आहे. कपडे, गोळ्या, चष्मा, एवढंच घ्या. खोलीत दुसरी खाट आणून टाकलीय, भट्टीच्या बाजूची तुमची. फौजदार बाई विचारतील, हात कशाने मोडला. तुम्ही काहीही सांगितलंत तरी मी तुम्हाला घेऊनच निघणार, हे आत्ताच लिहून ठेवते. पण या वेळी त्याची आई म्हणून उत्तर देऊ नका. जिचा हात मोडलाय त्या बाईचं उत्तर द्या. मी शेजारीच उभी असेन.

तुमचीच,
सून