सुमीच्या ताटातली बाजरी

८ जाने.
सुमीला नर्सबाईंकडे नेलं. पहिल्या बाळंतपणाला माहेरी आलीय, आठवा सरत आला. बाईंनी डोळ्याची पापणी ओढून पाहिली. रक्त फार कमी. "गुरुजी, खाते काय पोरगी?" मी ऐटीत सांगितलं, चाळलेल्या कणकेच्या पोळ्या, अन् बुलढाण्याहून मी स्वतः आणतो ती डबलरोटी. बाईंनी कपाळाला हात लावला. "घरात बाजरी नाही का?"
आहे की. पोतंभर.

९ जाने.
शाळेच्या कपाटातून आहाराची पुस्तिका काढली. लोह बाजरीत भरपूर. ज्वारी त्याखाली. गहू कोंड्यासकट बरा, चाळला की गेला. मैद्याची डबलरोटी पार तळाला. हेच दरसाल चौथीकडून घोकून घेतो. वा रे मास्तर! घरी मात्र...

११ जाने.
सौ. ऐकत नाही. "बाजरी गरम पडते. पहिलटकरीन हाय पोरगी. काही झालं तं तुमचं पुस्तक येईन का निस्तराले?"
आमचं पहिलं मूल पोटातच गेलं. त्या आठवड्यात तिनं बाजरी खाल्ली होती, तेच धरून बसलीय. पुस्तिका मिटून पिशवीत टाकली.

१३ जाने., भोगी
घरभर तीळ लावलेल्या बाजरीच्या भाकरींचा वास. सुमीपुढं दूध-डबलरोटी. "बाबा, मले एक तुकडा द्या ना." सौ.नं माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घालून माझी भाकर संपवली. लिहिताना लाज वाटते.

२० जाने.
सुमी अंगणात चक्कर येऊन पडली. जीपनं बुलढाण्याला आणली. डॉ. म्हणाले, रक्त चढवावं लागेल. आई-बाळ दोघांचंही आज काही सांगता येत नाही. "नुसत्या भाकरीनं हे टळलंच असतं असं नाही, गुरुजी." माझं तोंड पाहून म्हणाले असतील.

२१ जाने.
सकाळच्या यष्टीनं सौ. आली. फडक्यात बाजरीची भाकर, वर तीळ, लोण्याचा गोळा. माझ्याकडे न बघता म्हणाली, "पोरीले द्या. कुठी हाय ते?"
सुमीला तासाभरापूर्वीच आत नेलं. कळा लवकर सुरू झाल्या.
बाकावर बसलोय दोघं. दार बंदच आहे. भाकर तिनं पदराखाली धरलीय, गार होऊ नये म्हणून.