दुमडलेले मोजे

माजिवडा, ठाणे
गुरुवार

प्रिय आक्कास, कुंदाचा नमस्कार.

आठवतं का, कॉन्व्हेंटला निघताना तू मला पायरीवर बसवून मोजे वर ओढायचीस आणि वरची किनार दोन बोटं दुमडायचीस? घडी नसली की सिस्टर वर्गाबाहेर उभं करायच्या.

दिवसभर उभं राहून शिकवताना माझे पाय भरून येतात, म्हणून डॉक्टरीणबाईंनी दाबाचे घट्ट मोजे सांगितले. आधीचे फार काचायचे. शेवटी टेंभी नाक्याजवळच्या दुकानात पोटरीचं माप घेऊन मऊ जोड मिळाला. खरंच आराम पडला.

फक्त मी सवयीने वरची किनार रोज दुमडत राहिले. दुहेरी पट्टा गुडघ्याखाली आवळत गेला आणि डावी पोटरी सुजली.

"टीचर, हे दुमडायचे नसतात हो," डॉक्टरीणबाई हसून म्हणाल्या. मग पाय दाबून पाहिला आणि हसायच्या थांबल्या. उद्या सोनोग्राफी आहे, रक्ताची गुठळी नाही ना ते बघायला. माझा महेंद्र रजा काढून सोबत येतोय. तू काळजी करू नकोस. फोनवर माझ्या आवाजावरूनच सगळं ओळखशील, म्हणून लिहितेय.

तुझा गुडघा कसा आहे? दाजी वेळेवर जेवतात ना?

पार्सलात दोन जोड आहेत. फिका तुझा, काळा शेवंतीवहिनीचा. तुझ्याकडे ठेवलेल्या माझ्या पाटल्या सूनबाईला, मेघनाला द्यायच्या. आईची नथ नातीची, संचिताची. घाई नाही, सुचलं म्हणून लिहिलं.

तुझीच,
कुंदा