तुझ्या ब्रशने रंगवलेली नखं

बाबा, मी मुलींची नखं रंगवतो. ओरडायचं असेल तर आत्ताच ओरडून घे, कारण पुढे माझी पाळी आहे आणि मी मध्ये थांबणार नाही. तुला जाऊन आठ वर्षं झाली आणि या आठ वर्षांत तुझ्यावर कुणी आवाज चढवलेला नाही. बाजारात कुणी भेटलं की तेच. काय हात होता तुझ्या बापाचा, काय अक्षर होतं, खाडीतल्या होड्यांवरची नावं अजून दिसतात. मी मान हलवतो. पेंटरचा पोरगा म्हणून चहा पितो. आज मान हलवणार नाही.

गेले दोन महिने आपलं सुकापूरचं स्वयंपाकघर माझ्या ताब्यात आहे. एका वाटीत पाणी घ्यायचं, त्यात नेलपॉलिशचे थेंब एकावर एक सोडायचे, टाचणीने नक्षी ओढायची आणि बोट अलगद बुडवायचं. नक्षी नखावर चढून येते. फ्रीजमधलं पाणी घेतलं तर रंग पसरतच नाही, गुठळी होते, हे कळायला मला तीन दिवस लागले आणि तीन बाटल्या संपल्या. भांडी घासायच्या स्पंजचा तुकडा कापून दोन रंग एकमेकांत विरवता येतात. संपलेल्या रिफिलच्या टोकाने गोल ठिपके पडतात, एकदम छापल्यासारखे. चिकटपट्टी लावून सरळ कडा काढतात तेही केलं, पण ते मला पटत नाही. पट्टी लावून कुणीही सरळ रेघ मारेल. हे मी मोठ्याने बोललो तेव्हा आई माझ्याकडे बघतच राहिली. म्हणाली, "बोललास बग, बापूसच बोलला." मला इतका राग आला की मी ती वाटी मोरीत ओतली. "आरं ती आमटीची वाटी हाय, मेल्या!"

आई मला प्रॅक्टिसला तिचा डावा हात देते, उजवा भाकरी थापायला ठेवते. भाकरीला दोन हात लागतात हे तिला माहीत आहे, पण असं म्हटलं की तिचं काही जात नाही. पाच नखांवर पाच तऱ्हा घेऊन ती पाणी भरायला गेली तेव्हा शेजारच्या काकू ओरडल्या, "काय गो, साखरपुडा हाय काय तुजा?" आई म्हणाली, "हाय ना, तुज्या दादल्याशी." सगळी आळी हसली. हसत घरी आली आणि हात माझ्यापुढे ठेवून एकदम सांगून मोकळी झाली, की लग्नाच्या वर्षी तूही तिची नखं रंगवली होतीस. ऑइल पेंटने. होडीच्या लाल रंगाने. "पंधरा दिस निगाला नाय. सासूनं लय शिव्या दिल्या. मी लपवून ठेवायची पदराखाली." म्हणजे तूसुद्धा, बाबा! आणि मी सात वर्षांचा असताना आत्याने मला हौसेने गुलाबी नखं करून दिली, तेव्हा तू मला अंगणात उभं करून रॉकेलचा बोळा घासला होतास, कातडी सोलवटेपर्यंत. "माजा पोरगा हाय का पोरगी?" हे तूच बोललास ना? आईसमोर बोललास. आणि आई गप्प राहिली, कारण तिने तेव्हाही काहीतरी पदराखाली लपवलं असणार.

पण मी त्या रॉकेलसाठी लिहीत नाही. ते सोडून देता आलं असतं.

नखं रंगवायला लागलो एका मुलीमुळे. कॉलेजात होती माझ्याबरोबर, माझ्याआधी सोडून गेली, आता नवीन पनवेलच्या एका पार्लरमध्ये नखांचं काम करते. मला अजून इंजिनियर म्हणते, मुद्दाम. मी का सोडलं ते तिला माहीत आहे. ड्रॉइंगच्या सरांनी माझी शीट उचलून वर्गाला दाखवली आणि म्हणाले, एवढी सफाई तुझ्या हातची नाही, कुणाकडून काढून आणलीस? मी शीट फाडली, चार तुकडे नीट एकावर एक ठेवून त्यांच्या टेबलावर ठेवले आणि बाहेर पडलो. परत गेलो नाही. आई दोन दिवस जेवली नाही. लोक म्हणाले, तापट आहे पोरगा. तुझ्यावर गेलाय असं म्हणायची मात्र कुणाची हिंमत नाही, मेलेला माणूस शांतच असतो.

तिच्याबद्दल काय सांगू. तिच्या डाव्या अनामिकेचं नख मधोमध उभं चिरतं, कितीही जपलं तरी. मनगटावर कुकरच्या वाफेचा डाग आहे. मला हे पाठ आहे आणि मनातलं एक अक्षरही मी तिला अजून बोललेलो नाही. एकदा तिच्या पार्लरमध्ये बसून मी नुसतंच एका प्लास्टिकच्या नखावर रेघ ओढली, तर ती बघत राहिली. म्हणाली, "इंजिनियर, ही रेघ कुठून आणलीस?" परत तोच प्रश्न, पण हिने शीट वर उचलून दाखवली नाही, शेजारी सरकून जागा केली. मग पार्लरच्या मॅडमकडे माझ्यासाठी शब्द टाकला. मॅडम म्हणाल्या, मुलाच्या हातात बायका हात देतील का? तरी बोलावलं. ट्रायल द्यायची, खऱ्या हातावर, आणि हात तिचाच. जमलं तर काम. नाही जमलं तर तिचाही शब्द पडणार आणि मला त्या दारात परत उभं राहता येणार नाही, एवढं मला कळत होतं.

आता त्या बोर्डाकडे येतो. मी तेरा वर्षांचा होतो. नाक्यावरच्या किराणा दुकानाचा बोर्ड. तुझ्या दम्याच्या गोळ्यांनी तुझा हात थरथरायला लागला होता. लोक म्हणायचे पिऊन आलाय, आणि तू कुणाला खरं सांगायचा नाहीस. अक्षरं काढून झाली होती, शिरोरेषा राहिली होती. दोनदा ओढलीस, दोनदा वाकडी गेली, दोनदा पुसलीस. मग खोकला लागला म्हणून दुकानामागे गेलास. मी शिडीवर चढलो. तुझा सगळ्यात बारका ब्रश, खारीच्या केसांचा, जो तू कुणाला हात लावू द्यायचा नाहीस, तो घेतला. करंगळी फळीवर टेकवली, श्वास सोडत सोडत रेघ ओढली, कारण तू तसंच करायचास आणि मी वर्षानुवर्षं खालून बघत होतो. या टोकापासून त्या टोकापर्यंत, बाबा. अक्षरं जशी दोरीवर टांगलेली. दुकानदार म्हणाला, "अरे वा, पोरगा बापाच्या वर गेला की!" आणि तू मागून आलास. रेघेकडे बघितलंस. माझ्याकडे नाही, फक्त रेघेकडे. थिनरचा बोळा उचललास आणि पुसलीस. सावकाश, त्या टोकापासून या टोकापर्यंत. मग स्वतः ओढलीस. वाकडी. ती वाकडी शिरोरेषा आठ वर्षं तिथे होती. मी शाळेला तिच्याखालून गेलो, कॉलेजला तिच्याखालून गेलो. परवा परवा तिथे छापील बोर्ड लागला तेव्हा कुठे ती उतरली. तुला कळतंय का मी काय म्हणतोय? मारलं असतंस तर चाललं असतं. मार विसरतो माणूस.

आज सकाळी अकराला ट्रायल होती. मॅडमनी सांगितलं, खाली गुलाबी, वर पांढरी कड आणि दोन्हींच्या मध्ये केसासारखी सोनेरी रेघ. मी तुझा तो बारका ब्रश नेला होता. तिने हात पुढे केला. मी धरला आणि माझा हात थरथरायला लागला. दम्याची गोळी न घेता. "काय रे, हात आहे का मिक्सर?" ती म्हणाली, मॅडम हसल्या, माझे कान तापले. पहिली रेघ वाकडी गेली. तिने कापसाचा बोळा घेतला, रिमूव्हर लावला, पुसली. तो वास आला आणि मी उठलोच, बाबा. खुर्ची मागे सरकवून उभा राहिलो. आणखी एक सेकंद गेला असता तर जिना उतरून गेलो असतो, सवयच आहे माझी. तिने ब्रश टेबलावरून उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "पुन्हा." दुसरीही बिघडली. पुसली. ब्रश हातात दिला. "पुन्हा. बस खाली." तिसऱ्या वेळी करंगळी तिच्या बोटावर टेकवली, श्वास सोडला. आली. मग उरलेली नऊ नखं एका दमात झाली, चिरलेल्या नखासकट. मॅडमनी चष्मा लावून दहाही बघितली आणि म्हणाल्या, "सोमवारपासून ये. दाढी नीट करून ये." ती नखांवर फुंकर मारत माझ्याकडे बघत होती. तिला मी अजूनही काही बोललो नाही. पण सोमवार आहे.

तेव्हा माझा राग नीट ऐकून घे, मला तो आज समजला. पुसलंस म्हणून नाही. पुसणं कामातलंच आहे. पुसल्यावर ब्रश परत हातात द्यायचा असतो, एवढंच. एकदा "पुन्हा" म्हणायचं होतं. तू म्हणाला नाहीस, आणि चार महिन्यांनी गेलास, आणि मी आठ वर्षं जिथे कुणी माझी रेघ पुसली तिथून उठून जात राहिलो.

हा कागद मी तुझ्या ब्रशांच्या डब्यात ठेवणार आहे. सोनेरी रंग लागलाय कडेला, मघाशी ब्रश यालाच पुसला. आणि हे लिहिल्याशिवाय डबा बंद होणार नाही. बोर्डाच्या त्या संध्याकाळी मी तुझा बारका ब्रश चोरला आणि कंपासपेटीत लपवला. तू पुढे जाड ब्रशनेच कामं केलीस, आईवर ओरडलास, की झाडताना फेकला असेल. ती म्हणाली, नाय फेकला. मी ऐकत होतो. त्याच्याही आधी, अगदी दुसऱ्याच दिवशी सकाळी, तू माझ्या अंथरुणाशी येऊन उभा राहिलास. रंगांची पिशवी खांद्याला होती. दोनदा हाक मारलीस, हळू आवाजात. ब्रश मागायला की मला बरोबर न्यायला, कुणास ठाऊक. मग एकटाच गेलास.

मी जागा होतो, बाबा.