साडेतीन गिलास तांदूळ

मंगळवार, जळकोट. जेवणं झाल्यावर.

गुरुजी आज म्हणाले, “तुमच्या गौरीला गणिताचं डोकंच न्हाई.” तेही तिच्यासमोर! तिसरीतली पोर, वाटभर खाली मान घालून चालली. मी तिथं गप्प कशी बसले? अजून चीड येऊन राहिली.

घरी आल्यावर तिला स्वयंपाकघरात बसवलं. म्हटलं, “एक गिलास तांदूळ दोघांना पुरतो. आज मामा आलाय, आपण सात जण. किती गिलास टाकू?”

ती बोटं मोजत बसली. सासूबाई म्हणाल्या, “तूच टाक की. लेकराला कशाला छळून राहिलीस?” मी डब्याला हातच लावला नाही. भाताला उशीर झाला तर होऊ दे.

“साडेतीन,” गौरी म्हणाली. मग जरा थांबून, “पण मामा लई खातो. चार टाक.”

सासूबाईच आधी हसल्या. डोकं नाही म्हणे! एका गिलासाला दोन गिलास पाणी, एवढंच मी सांगितलं. आठ तिनंच मोजून ओतले. भात मोकळा झाला.

उद्या तिला घेऊन शाळेत जाते. गुरुजींना तोंडावर सांगते, हिला माझ्यासमोर गणित घाला. पण नुसते आकडे नकोत, त्यात माणसं असू द्या.