वही शौकत लिहितो

मृत्युपत्र लिहून ठेवणार: देवराम कुशाबा शेवाळे, वय वर्षे बासष्ट, धंदा डॉक्टरी, राहणार भद्रकाली, नाशिक.

माझी बुद्धी शाबूत आहे. हृदय शाबूत नाही. पायांची सूज वर चढते आहे आणि ती कुठवर गेली म्हणजे काय होते, हे मी तीस वर्षे इतरांना सांगत आलो आहे. कोणाच्या धाकाने नव्हे, नशेत नव्हे, स्वखुशीने पुढील मजकूर सांगतो. हात कापतो म्हणून लिहून घेणारा दुसरा आहे. त्याचे नाव शौकत. मीच त्याला बोलावणे धाडले. पहिल्या निरोपाला तो आला नाही, दुसऱ्याला आला.

कलम १. पत्नी वारली, मूलबाळ नाही. दवाखान्याचा गाळा भाड्याचा आहे. त्यातील कपाटे, औषधे, तराजू व खल भाचा डॉक्टर धोंडीराम यास द्यावेत. बाकी जे उरेल तेही त्याचेच. फक्त कलम ४ ची अट त्याने पाळावी. पोरगा हुशार आहे, पण रोग्याचे ऐकून घेण्याआधीच लिहायला लागतो. ही खोड सोडावी.

कलम २. भिंतीवरचे घड्याळ धोंडीरामचे वडील, माझे मेहुणे सावळीराम यांना. ते रोज पाव तास मागे पडते. मी शौकतला कामावर ठेवला तेव्हा मेहुण्यांनी गावभर सांगितले, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या." त्यांना किल्ल्यांची फार काळजी. घड्याळाला किल्ली रोज द्यावी लागते, ती त्यांनी द्यावी.

कलम ३. माझे राहते घर ओझर येथील गोरक्ष कदम यांची मुलगी सिंधुबाई हिला द्यावे. ती माझ्या नात्याची नाही. मग का, हे सांगितल्याशिवाय हे कलम कोणाला पटणार नाही, म्हणून सांगतो.

शौकत पूर्वी पिंपळगावाकडे टपाल वाटत असे. एका व्यापाऱ्याचे पाकीट त्याने वाफेवर उघडले आणि आतला कांद्याचा भाव दुसऱ्या व्यापाऱ्याला सांगितला. दीड वर्ष तुरुंगात होता. त्याने गुन्हा केला होता, उगाच अडकला नव्हता. मी त्याला ठेवला तो अक्षर पाहून. रोग्यांची वही त्याच्याकडे दिली. त्या वहीत कोणाला क्षय, कोणाला गरमीचा गुप्तरोग, कोणाच्या सुनेचे काय, सगळे असे. पहिल्याच दिवशी तो म्हणाला, "डॉक्टरसाहेब, किल्ली तुमच्या कडदोऱ्याला बांधा. वही मी तुमच्या समोर लिहीन, तुमच्या समोर ठेवीन." सहा वर्षे तसेच चालले.

आता माझी हुशारी सांगतो. क्षयाच्या रोग्यांच्या बाटल्या वेगळ्या उकळाव्या लागत, म्हणून मी त्यांच्या गळ्याला लाल दोरा बांधू लागलो. शौकत म्हणाला, "साहेब, दोरा नको. नुसता आकडा घाला. दोरा घरोघरी जातो." मी म्हणालो, "दोऱ्याला काय तोंड आहे?" मला माझ्या युक्तीचे कौतुक होते. पुढे साळूबाई नावाची एक बाई डोळ्यांत औषध घालून घ्यायला आली. तिने विचारले, हे लाल दोरे कशाचे. मी ऐटीत सांगून टाकले, "तो क्षयाचा दोरा." नाव कोणाचे घेतले नाही, म्हणून मला वाटले, आपण काही सांगितलेच नाही.

याच साळूबाईच्या भाच्याशी सिंधुबाईचा साखरपुडा झालेला होता. सिंधुबाईला साधा खोकला. त्या आठवड्यात ती बाटली आणायला विसरली, म्हणून मी उकळून ठेवलेली एक बाटली दिली. दोरा काढायचा राहिला. लग्नाचे बोलायला साळूबाई ओझरला गेली, तेव्हा ती बाटली कोनाड्यात होती.

चौथ्या दिवशी गोरक्ष पाच-सहा माणसे घेऊन दवाखान्यात आला. "सोयरीक मोडली डॉक्टर. साळूबाई म्हंती पोरीला क्षय हाय, तुमच्या दवाखान्यातूनच कळलं. कोण बोललं?" साळूबाईचे नाव ऐकताच माझ्या सगळे ध्यानात आले. किल्ली माझ्या कमरेला होती. मी म्हणालो, "वही शौकत लिहितो."

एवढेच म्हणालो. खोटे त्यात एक अक्षर नव्हते. शौकत म्हणाला, "साहेब, किल्ली कुणाकडं असते ते सांगा ना." मी खाली बघितले. त्याला रस्त्यावर ओढून मारले आणि मी दार लावून घेतले. पुढे मी सांगत राहिलो की पोरीला क्षय नाही. लोक म्हणाले, डॉक्टर सावरून घेतो आहे. दोरा कोणी बांधला, हे मात्र मी कधीच सांगितले नाही. शौकतला पुन्हा कोणी लिहिण्याचे काम दिले नाही. तो वडाळ्याला विटा वाहतो. सिंधुबाईची चटई आणि ताटली गोठ्यात गेली. याला नऊ वर्षे झाली. मला याची लाज वाटते. रोज वाटली आणि रोज मी जेवलो.

कलम ४. रोग्यांची वही शौकतकडेच असावी, ही धोंडीरामला अट. सुटून आलेल्या कोणाच्याही हाती वही द्यावी असे मी म्हणत नाही. किल्ली माझ्याकडे होती, ते बरोबरच होते. पण शौकतवर नजर ठेवायला मी होतो. माझ्यावर ठेवायला कोणी नव्हते. यापुढे दोघांनीही एकमेकांवर ठेवावी.

येथे शौकतने टाक खाली ठेवला. म्हणाला, "मला विचारलंत? आणि हे वाचायचं कधी, तुम्ही गेल्यावर? सिंधुबाई आज गोठ्यात आहे, साहेब." मी म्हणालो, "माझ्याने लोकांसमोर सांगवणार नाही." तो म्हणाला, "मग मी वाचतो. तुम्ही नुसते बसा. नाहीतर दुसरा लिहिणारा बघा."

सबब दुसऱ्या दिवशी टांग्याने ओझरला आलो. गोरक्षच्या अंगणात, गावच्या लोकांसमोर शौकतने वरील सर्व मजकूर वाचला. मी बसून होतो. गोरक्ष उठून गोठ्यात गेला, ताटली घेऊन घरात गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही.

साक्षीदार दोन हवेत. एक गावचे पाटील झाले. दुसऱ्यासाठी सिंधुबाई पुढे आली. शौकतने तिला समजावले की जो साक्ष करतो त्याला मृत्युपत्रातून काही घेता येत नाही. अंगठा केलास तर घर जाईल, दुसरे कोणीही साक्ष करील.

ती म्हणाली, "घर राहू द्या. नऊ वर्सं समदं गाव माझ्यावर साक्ष देत व्हतं. आता मी देते. कुठं करू अंगठा?"

कलम ३ याप्रमाणे फुकट गेले, हे मला मान्य आहे. वरील मजकूर वाचून घेतला, तो खरा आहे.

सही: देवराम कुशाबा शेवाळे

हस्ताक्षर: शौकत रहेमान, राहणार वडाळा

साक्षीदार:
लहानू रभाजी पाटील, राहणार ओझर, सही
सिंधुबाई गोरक्ष कदम, राहणार ओझर, निशाणी डाव्या हाताचा अंगठा

मुक्काम ओझर, तालुका निफाड, जिल्हा नाशिक
तारीख ११ फेब्रुवारी १९३८