‘फामोसा’ म्हणजे प्रसिद्ध नव्हे

प्रिय रोझी,

दोन नोव्हेंबर, सकाळी सव्वाअकरा. नाशिक रोडला तुझ्या थडग्यावर फुलं ठेवायला वाकले आणि दगड वाचून तशीच थिजले. तुझ्या नावाखाली लॅटिनमध्ये कोरलंय: माजिस्त्रा फामोसा. तुझ्या पुतण्याचा पराक्रम! म्हणून हे पत्र.

“विल्सन, हे काय?”

“फेमस टीचर, आंटी. मोबाईलवर बघितलं मी.”

“मेल्या, जुन्या लॅटिनमध्ये फामोसा म्हणजे बदनाम!”

“असू द्या हो. इथे लॅटिन वाचतंय कोण?”

मी वाचते! शाळेत तुझ्याच शेजारी बसून शिकले ना? फामा म्हणजे लोकांचं बोलणं. त्याला ‘ओसुस’ प्रत्यय लागला की त्यानं भरलेलं. “सिस्टर, हा तर आपला आळू! माया, मायाळू. झोप, झोपाळू,” तू उभी राहून म्हणालीस. “आणि भाजीतला?” सिस्टरनी विचारलं. अख्खा वर्ग खिदळला होता.

लोकांच्या बोलण्यानं भरलेली! तुझ्याच वाट्याला हा शब्द यावा? नन व्हायला गेलीस आणि मठ सोडून, साडी नेसून परत आलीस, तेव्हा काय कमी बोलले लोक? सख्खा भाऊ तू जेवायला बसलीस की ताटावरून उठायचा. तू मुकाट्यानं पोरींना इंग्रजी शिकवत राहिलीस. एकदाही का गं उलटून बोलली नाहीस? माझी जीभ उसनी न्यायची होतीस!

गेलीस, तरी त्या बोलण्यानं पिच्छा सोडला नाही.

विल्सन म्हणतो, “मग ‘आमाता’ लिहू? प्रिय.” आमाता म्हणजे जिच्यावर प्रेम केलं गेलं. त्या घरात ते केलं कुणी? खोटं मी कोरू देणार नाही. मी ‘आमाबिलिस’ सांगितलंय. ‘बिलिस’ म्हणजे आपलं ‘जोगं’. प्रेम करण्याजोगी. केलं की नाही, ते ज्याचं त्यानं बघावं.

माझ्यानंतर तो दगड वाचणारं कुणी उरणार नाही, रोझी. म्हणून तो माझ्यादेखत बरोबर व्हायला हवा. होईल, शब्द देते. शनिवारी संध्याकाळी पाचच्या आत विल्सनचं लेखी उत्तर मागितलंय. नाही आलं, तर रविवारी पाथरवटाला घेऊन मीच हजर. आणि लेखी म्हणजे लेखी. मोबाईलवरचा अंगठा चालणार नाही.

तुझ्या बाकावरची,
सुधा